आत निळं हाय, तम्मा

अण्णा, तुमच्या महानंदानं मला लई अवघड काम लावलंय.

काल फोनवर म्हणाली, "काका, मातीला तुमी पोचला न्हाय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण तीन दिसांनी बाबांच्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेला, घरी समदी जमणार हायत. बाबांवर चार शब्द लिहून आणा. मी वाचते." मी म्हणालो, "बाई, मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला स्टेअरिंग दे, कागद देऊ नको." पण पोरगी तुमचीच. म्हणते, "गाडीत बाबांशी बडबडत होता तसंच की. फक्त पेनानं बडबडायचं."

म्हणून बडबडतोय. गाडी घोघ्याच्या धक्क्यावर रांगेत उभी आहे, बोट अजून लागलेली नाही. तुमच्या सीटवर कागद ठेवलाय. हँडब्रेक ओढलाय. परत एकदा बघून घेतलाय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तम्मा, तो ब्रेक हाय, देवळातली घंटा न्हाय. येता-जाता हात लावायचा नसतो त्याला."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी नातेपुत्याचा, मला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. तुमच्यामुळं तीन शब्द आले. हा पहिला. उरलेले दोन पुढं सांगतो.

आणि हो, बोटीच्याच रांगेत उभा आहे. हसू नका.

घरी बसून ऐकणाऱ्या मंडळींना ही बोट काय भानगड आहे ते ठाऊक नसणार, म्हणून थोडं सांगतो. अण्णा, तुम्ही तोवर तंबाखू मळा. तर मंडळी, सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल भरून आम्ही दोघं भावनगरला जायचो. करमाळा, नगर, नाशिक, मग घाट उतरून सुरत. सुरतेच्या पुढं समुद्र जमिनीत आत घुसलाय, आणि भावनगर त्याच्या पलीकडच्या काठाला आहे. रस्त्यानं जायचं तर त्या सगळ्या पाण्याला वळसा घालायचा, भरूच, वडोदरा करत वर जायचं आणि परत तेवढंच खाली यायचं. नाहीतर हजिऱ्याला गाडी बोटीच्या पोटात घालायची आणि घोघ्याला बाहेर काढायची. मध्ये दोन चहा, एक झोप आणि एक भांडण, एवढाच वेळ. बोटीचं पोट म्हणजे ट्रकांचा गोठाच. एकेक गाडी साखळीनं दावणीला बांधतात, आणि डायव्हरनं जिना चढून वरच्या हॉलमध्ये जाऊन बसायचं. हॉलच्याही वर उघडं डेक. तिथं गेलं की चारी बाजूंनी पाणी.

त्या डेकवर मी कधी गेलो नाही. एवढी वर्षं ये-जा केली, पण नाही गेलो. आपलं सगळ्यात जुनं भांडण तेच.

पहिली फेरी आठवते? माझी पाण्याशी ओळख म्हणजे आमच्या कॅनॉलचं, शेतांना पाळीपाळीनं सुटणारं पाणी, गुडघ्याएवढं. त्याच्यावरच्या पाण्याशी माझा काही संबंध नव्हता आणि मला तो जोडायचाही नव्हता. हजिऱ्याला आलो तर समोर लोखंडाचा पूल, तोपण पाण्याबरोबर खाली-वर होणारा, आणि त्याच्या पलीकडं बोट तोंड उघडून बसलेली. भरलेली गाडी आत उलटी घालायची होती, म्हणजे पलीकडं गेल्यावर सरळ बाहेर काढता येते. मला वाटलं, हे काम तुम्ही करणार. तुम्ही तर दार उघडून खाली उतरलात.

"अण्णा, कुटं निघाला?"

"मागं उभारतो. तू घाल."

"मी?"

"मग काय तुझी सासू घालणार? उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं घेणारा माणूस तू. हितं तर एकच डबा हाय."

हे तुम्ही मला नेमक्या वेळेला ऐकवायचा. टेंभुर्णीच्या अलीकडं कारखान्याच्या गेटात मी ट्रॅक्टर चालवायचो, दोन ट्रॉल्यांचा. दोन ट्रॉल्या सरळ रेषेत मागं घेणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पहिली डावीकडं गेली की दुसरी उजवीकडं रुसून जाते. तुम्ही चहा पीत बघत होता. कप ठेवला, जवळ आलात आणि विचारलंत, "हेवी लायसन काढणार का?" माझी शाळा किती, बाप काय करतो, कोणाचा कोण, काही नाही. तेवढं एक विचारलंत. अण्णा, आयुष्यात मला बरेच प्रश्न विचारले गेले, पण ज्याचं उत्तर 'हो' द्यावंसं वाटलं असा तो पहिला प्रश्न.

तर तुम्ही मागं उभे राहिलात आणि हाळी सुरू केलीत, "बरली, बरली, बरली..." हा दुसरा शब्द. येऊ दे, येऊ दे. आवाजात घाई नाही, भीती नाही; गाय घरी येताना तिला हाक मारावी तसं. आणि चाक नेमकं जागेवर आलं की टप्पकन, "साक!" म्हणजे पुरे. हा तिसरा.

बोटीवर गाड्या लावून घेणारा केशरी जाकिटातला भीखाभाई तिथंच होता. घोघ्याचा माणूस, सगळा जन्म पाण्यावर गेलेला. तोपण त्याच्या पद्धतीनं ओरडत होता, "आवा दो, आवा दो!" एका कानात बरली आणि दुसऱ्या कानात आवा दो. मी तुमच्याच आवाजावर गाडी घातली. भीखाभाई तापला. "ये बरली-बरली क्या लगाया है? जहाज मेरा है."

तुम्ही सोलापुरी हिंदीत म्हणालात, "जहाज तुमारा, भाई. तम्मा हमारा."

तो बघतच राहिला आणि मग हसला. आपली दोस्ती तिथंच झाली म्हणायची. पण त्याच्यानंतर लगेच मी त्याला परत तापवला. गाडी लागली, साखळ्या बांधून झाल्या, आणि मी केबिनमधनं आपला काळा दगड काढला आणि मागच्या चाकाला लावला. टेंभुर्णीच्या माळावरचा दगड, एका बाजूनं सपाट, गाडी कुठंही उभी केली की मी तो लावायचोच. भीखाभाईनं दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, साखळीकडं बघितलं.

"ये क्या है?"

"पत्थर."

"वो दिख रहा है. क्यूँ है?"

मला हिंदीत सांगता येईना. तुम्ही जिन्याच्या कठड्याला धरून हसत होता. "अरं तम्मा, चाकाला दगड लावलास. जहाजाला कोण लावणार?"

अख्खा गोठा हसला, बाकीचे सगळे डायव्हर. पंजाबचा होता, राजस्थानचे होते. आणि एवढं रामायण होऊन पलीकडं उतरताना दगड काढून घ्यायचा मी विसरलो! भावनगरात माल उतरवेपर्यंत मला चैन नाही. तुम्ही म्हणायचा, दगडच हाय, दुसरा घेऊ, हितं काय दगडाचा दुष्काळ हाय व्हय. पण परतीला बोटीवर चढलो तर भीखाभाई जिन्याखालनं तो दगड घेऊन आला. मध्ये बोटीच्या किती फेऱ्या झाल्या होत्या देव जाणे. "तेरा पत्थर रोज सफर करता है," तो म्हणाला, "बिना टिकट." तुम्ही माझ्या पाठीत थाप मारलीत. "बघ. दगड समुद्र वलांडून आला की न्हाय? आन तू हॉलमधी डोळं मिटून बसतोस."

तेव्हापासून तो दगड बोटीवरच राहायला गेला. जिन्याखाली. आपली गाडी आली की भीखाभाई बाहेर काढायचा, न सांगता.

मी मात्र हॉलमध्येच. मधल्या रांगेत, कुठल्याच खिडकीजवळ नाही, लाइफ जॅकेटच्या कपाटापासून चार पावलांवर. तुम्ही डेकवर जायचा आणि केस विस्कटून परत यायचा.

"चल वर. पाणी बघ."

"मी धक्क्यावर बघितलंय. गढूळ हाय."

"काठाला गढूळच असतंय की. भीमेच्या काठाला काय आरशासारखं असतंय? आत निळं हाय, तम्मा. आत निळंच निळं. महानंदाच्या लग्नातला शालू बघितलास न्हवं? तसं."

"खरं?"

"भीखाभाईला इचार."

विचारलं. त्यानं गंभीर तोंडानं सांगितलं, "एकदम नीला." शेजारचा सरदारजी डोळे न उघडता म्हणाला, "नीला जी, बिलकुल नीला." चहावाल्यानंसुद्धा मान हलवली. मी म्हणालो, अण्णा, मग फोटो काढून आणा. तुमचा तो बटणांचा फोन. तुम्ही म्हणालात, "फोटोत त्येचा रंग येत न्हाय."

पुढच्या फेरीला बघू, असं मी म्हणायचो. पुढच्या फेरीलापण तेच म्हणायचो. खरं सांगू का, तुम्ही जेवढं निळं-निळं म्हणायचा तेवढी मला जास्त धडकी भरायची. निळं म्हणजे खोल. कॅनॉलला तळ असतो, त्याला काय असणार?

पण त्या हॉलचं एक सांगायलाच पाहिजे, मंडळी. दोन डायव्हरच्या गाडीवर दोघं जण कधी एकत्र नसतात. एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या फळीवर झोपलेला. एक जेवतो तेव्हा दुसरा टायर बडवून बघत असतो. मला अण्णांचा चेहरा ठाऊक होता तो बाजूनं, अर्धा, काचेतल्या उजेडात. समोरासमोर बसून दोघं जागे आणि दोघांचे हात रिकामे, असं फक्त बोटीवर व्हायचं. एका गाडीवर एवढी वर्षं काढली, पण आमची ओळख झाली ती त्या हॉलमध्ये. तुम्हाला डाव्या गालावर खळी पडते हे मला तिथं कळलं, अण्णा. गाडीत तुम्ही चालवायचा तेव्हा मी मागं झोपलेला, आणि मी चालवताना तुमचा उजवाच गाल दिसायचा.

वैनींच्या हातच्या कडक भाकऱ्या तुम्ही तिथंच सोडायचा. शेंगाची चटणी, वर दही. एका भाकरीचा पहिला तुकडा घेऊन डेकवर जायचा, पांढऱ्या पक्ष्यांना टाकायला, आणि मगच जेवायला बसायचा. आसपासचे डायव्हर आपापले डबे घेऊन सरकत यायचे. सरदारजीचं लोणचं, कुणाचा थेपला. चटणी तिखट लागून एक राजस्थानी पोलादासारखा माणूस रडायला लागला होता, आणि तुम्ही त्याला गंभीरपणे सांगितलंत, "ये तो बच्चों की है. बड़ों की घर पे है."

आणि भांडणं! काट्याचं भांडण आठवतं? बोटीत गाडी घालताना किलोमीटरच्या काट्यावर जो आकडा, पलीकडं उतरतानापण तोच. मी म्हणायचो, म्हणजे गाडी उभी होती. तुम्ही म्हणायचा, "उभी होती तर मग घोघा काय चालत आपल्याकडं आला?" मी म्हणायचो, चाक फिरलं नाही म्हणजे चाललो नाही, हिशेब साधा आहे. तुम्ही म्हणायचा, "आईच्या कडेवर बसून बाजाराला गेलास तवा तुझं पाय हाललं न्हवतं. मग तू बाजाराला गेला न्हवतास व्हय?" मी हरलो असं मात्र कधी म्हणालो नाही. अजूनही म्हणत नाही.

आणि ते पाय. ते तुम्हीच पहिल्यांदा दाखवलंत. बोट धक्क्याला लागायला येते, पुढचा काठ जवळ-जवळ यायला लागतो, आणि हॉलमध्ये बसलेल्या सगळ्या डायव्हरांचे उजवे पाय आपोआप खाली दाबले जातात. ब्रेक! गप्पा मारणारे, चहा पिणारे, पेंगणारे, सगळे. खुर्चीसमोर नुसती फरशी, पण दाबतात. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "खाली बघ, खाली बघ. समद्यांचं पाय." मी बघितलं आणि मला हसू आवरेना. मग तुम्ही माझ्या पायाकडं बोट दाखवलंत. मग मी तुमच्या. त्यानंतर दर फेरीला तो आपला खेळ. काठ दिसायला लागला की आपण दोघं खाली बघत बसायचो, आणि तरी दाबले जायचेच.

ह्या वेळेला तुम्ही आला नाहीत. छातीत जरा दुखतंय म्हणून डॉक्टरांनी आराम सांगितला, आणि महानंदानं तुमच्याजवळची गाडीची दुसरी चावीच लपवली. मी एकटा निघालो आणि हजिऱ्याकडं वळलोच नाही, सरळ वळशाच्या रस्त्याला लागलो. तुमचा फोन आला.

"बोटीनं का रस्त्यानं?"

"रस्त्यानं."

तुम्ही हसलात. रागावला नाहीत. "जातानाचं जाऊ दे. येताना बोटीनं ये. आन वर जा."

"बघतो."

"बघतो न्हाय. जा."

मग वैनींनी फोन काढून घेतला असणार, कारण मागनं त्यांचा आवाज आला, झोपा आता. तेवढंच बोलणं झालं.

बातमी आली तेव्हा मी भावनगरात माल उतरवत होतो. हमालांनी मला टॉवेलाच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि बाजूला झाले. मी रडलो, आणि डोळे पुसायला मागंपुढं सगळे टॉवेलच टॉवेल. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पुसून घे, तम्मा, माल आपलाच हाय." ते मनात आलं आणि मी रडता-रडता हसलो. हमालांना वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.

मालक भला माणूस, म्हणाले परतीचा माल भरत बसू नको, रिकामी आण. रस्त्यानं निघालो तर परवाच्या कार्याला पोचतो की नाही शंका. वळसा, ट्रॅफिक, आणि एकटाच चालवणारा, म्हणजे मध्ये झोपायलाही थांबायला हवं. बोटीनं गेलो तर आरामात पोचतो. मातीला नव्हतो, अण्णा. निदान हे चुकायला नको. म्हणून रांगेत उभा आहे. पण पाण्यापेक्षा मला वेगळीच भीती वाटतेय. गाडी उलटी घालायचीय आणि मागं कोण उभं राहणार? आरशात बघतोय तर नुसता धक्का दिसतोय.

भोंगा वाजला. बोट लागली. ठेवतो.

*

पुढचं बोटीवर लिहितोय. वर बसून. हो, वर. सांगतो सगळं, ओळीनं सांगतो.

माझा नंबर आला. गाडी फिरवून पुलाकडं पाठ केली. रिव्हर्स टाकला. आरशात भीखाभाई दिसला, केशरी जाकीट, हात वर. जवळ येऊन त्यानं शेजारच्या सीटकडं बघितलं आणि खालनंच विचारलं, "अण्णा किधर?"

मला "गेले" म्हणता आलं नाही. मी हात वर आकाशाकडं केला. तो थांबला. हात खाली आला त्याचा. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या, कुणीतरी शिव्या घातल्या. तो तसाच उभा. मग त्यानं जाकीट खाली ओढून नीट केलं, गाडीच्या मागं गेला, आणि मला फक्त आवाज ऐकू आला.

"बरली... बरली... बरली..."

अण्णा, कानडीचा एक शब्द न येणारा तो घोघ्याचा म्हातारा. उच्चार सगळा वेडावाकडा. पण घाई नाही, भीती नाही. तुमचीच चाल. पुलावर चाकं चढली, पूल हलला, मी आरशात बघितलंच नाही, नुसता कान लावून गाडी घेतली. डोळ्यांत पाणी होतं, बघूनही काही दिसलं नसतं.

"बरली, बरली... साक!"

मी ब्रेक दाबला. उतरून बघितलं तर चाक रेषेवर, बोटभर इकडं ना तिकडं. भीखाभाई जिन्याखाली वाकला, आपला काळा दगड काढला आणि मागच्या चाकाला लावला. साखळी नंतर बांधली, दगड आधी.

मग मी भाकरी घेतली. घरनं निघताना वैनींनी बांधून दिलेली चटणी आणि कडक भाकऱ्या उरल्या होत्या. त्या काय, महिनाभर टिकतात. जिना चढलो. हॉल आला. मधली रांग, कपाट, माझी खुर्ची रिकामी होती. पुढचा जिना चढलो. कठड्याला दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले, मनात शालू आणला, तयारी केली आणि डोळे उघडले.

गढूळ!

अण्णा, आत पण गढूळच हाय की ओ! चारी बाजूंनी, जिथवर नजर जाईल तिथवर, चहासारखं. निळ्याचा ठिपका नाही. मी ह्या बाजूला गेलो, त्या बाजूला गेलो, म्हटलं अजून आत जायचं असेल, वाट बघितली. कितीही आत गेलं तरी तेच. आमच्या कॅनॉलला पाळी सुटते तेव्हाचं पाणी, हुबेहूब. लहानपणी ज्यात म्हशी धुतल्या ते पाणी. माझ्या ओळखीचं पाणी!

भीखाभाई चहा घेऊन आला. मी म्हणालो, "ये तो नीला नहीं है." तो इतका हसला की कप कठड्यावर ठेवावा लागला. म्हणाला, अण्णांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. चहावाल्याला, सरदारजीला, बोटीवर नवीन येईल त्याला. "बोलते थे, मटमैला बोलूँगा तो वो ऊपर काहे को आएगा?"

इथं मला तुमच्याशी भांडायचंय, अण्णा, आणि हे भांडण माझं आहे, मी जिंकणार आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की तम्मा, आत तुमच्या कॅनॉलसारखं गढूळ पाणी हाय, तर मी पहिल्याच फेरीला वर आलो असतो. धावत आलो असतो. निळ्याला भीत होतो मी, गढूळाला नाही. तुम्ही मला वर आणायला रंग चढवलात आणि त्या रंगानंच मला खाली बसवलं. एवढ्या फेऱ्या आपण इथं शेजारी उभं राहून, भाकरी खात, हे बघत गेलो असतो.

असं लिहितोय तर मला तुमचा आवाज येतोय. "मग आज आलास न्हवं?"

आलो. तेवढं तुमचं खरं.

भाकरीचा पहिला तुकडा टाकला. पांढरे पक्षी आहेत खरे, त्याबाबतीत तुम्ही खोटं बोलला नाहीत. एकानं हवेतच उचलला. दुसरा तुकडा चटणीला लावून मी खाल्ला, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, म्हणून शेजारच्या माणसानं विचारलं, तबियत ठीक आहे ना. मी त्याला सांगितलं, ये तो बच्चों की है. त्याला काही कळलं नाही. मला कळलं.

वाऱ्यात कागद धरवत नाही, म्हणून आवरतो.

*

महानंदा, हे शेवटचं हजिऱ्याला उतरल्यावर लिहिलंय, एवढंपण वाच.

काठ जवळ यायला लागला तेव्हा मी डेकवरच होतो. शेजारी बरेच जण उभे. धक्का मोठा-मोठा होत आला आणि माझा उजवा पाय खाली दाबला गेला, लोखंडावर. मी खाली बघितलं. दोन्ही बाजूंचे सगळे पाय दाबलेले. मी तुम्हाला दाखवायला वळलो, अण्णा.

मग खाली गेलो. काट्यावर तोच आकडा होता, सकाळचा. म्हटलं, घ्या, आज मी काही बोलत नाही.

साखळ्या सुटल्या. भीखाभाईनं चाकाखालचा दगड काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "घर ले जा," तो म्हणाला. "अण्णा के पास रख देना."

मी दगडावरनं हात फिरवला. माळावरची ती सपाट बाजू मीठ लागून पांढरी झालीय. घ्यावासा वाटला. परवा तुमच्या अंगणात ठेवला असता, सगळ्यांनी बघितला असता. पण मी मान हलवली.

"रहने दो. हमको वापस आना है."

त्यानं तो परत जिन्याखाली ठेवला.

पुढच्या फेरीला मी वरच बसणार आहे, अण्णा. तुमचं निळं पाणी बघत.